हात कुणाच्या तोंडात शिकतो? : दंतवैद्यकाच्या शिक्षणाची चिकित्सा

विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसांनी दाताच्या डॉक्टरांविषयी काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. दात कसा भरावा, दाढ कशी काढावी, हे आपण इथे सांगणार नाही आहोत. पण एखादा व्यवसाय आपल्या शिकाऊ माणसांना कशासाठी गुण देतो आणि कशासाठी देत नाही, यातून त्या व्यवसायाची नीती घडते. आणि नीतीचा विचार हा आमच्या विषयाचा जुना धंदा आहे. तेवढ्या हक्काने बोलू.

ताथवड्यात उभं राहून हा विषय घेण्याला कारण आहे. महामार्गाच्या अलीकडे-पलीकडे उंच इमारती उठल्या आहेत. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी मंडळी त्यांत राहतात, आणि त्या बांधणारी मंडळी शेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. रस्त्याने जाताना दाताच्या दवाखान्यांच्या पाट्या मोजायला लागलो तर बोटं पुरत नाहीत. याच गावात पशुसंवर्धन विभागाचं वळूमाता प्रक्षेत्र आहे, हे नव्याने राहायला आलेल्यांना कदाचित ठाऊक नसेल. जुन्या गावकऱ्यांना जनावराचे दात बघायची सवय होती. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला. ओठ वर करून दात बघायचे, वय ताडायचं, आणि त्यावर बाजारात किंमत ठरायची. माणसाच्या तोंडात बघण्याची रीत याहून वेगळी असली पाहिजे, एवढं साधं आपलं म्हणणं आहे. ती वेगळी आहे का, आणि वेगळी करायला आपलं शिक्षण शिकवतं का, हे आज तपासायचं आहे.

आपला मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकू. दंतवैद्यकाचं शिक्षण कामं मोजतं: किती दात काढले, किती भरले, किती कवळ्या केल्या. पुढे धंद्यात हीच मोजणी वेगळं नाव घेऊन येते. कॉलेजात तिला कोटा म्हणतात, दवाखान्यात टार्गेट म्हणतात. या मोजणीत तीन गोष्टींना जागा नाही. रुग्णाचं ऐकणं, गरज नसताना हात न लावणं, आणि हाती घेतलेला माणूस शेवटापर्यंत नेणं. टीका या रचनेवर आहे. कुठल्या एका महाविद्यालयाकडे किंवा डॉक्टरकडे बोट दाखवायचं नाही. रचना वाईट असूनही चांगलं काम करणारे डॉक्टर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत.

थोडा इतिहास बघू. दात काढणं हे काम जुनं, पण दंतवैद्य हा पदवीधर आपल्याकडे नवा. कोलकात्यात 1920 साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी देशातलं पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं. मुंबईत 1933 साली नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं हे ज्ञान घराण्यातून चालत होतं. न्हावी दात काढत, जत्रेत दात बसवणारे बसत, मुंबई-कोलकात्यात चिनी घराण्यांतले दंतवैद्य पिढ्यान्‌पिढ्या धंदा करत. बापाच्या हाताखाली मुलगा शिके.

स्वातंत्र्यानंतर 1948 साली दंतवैद्य कायदा आला आणि 1949 साली भारतीय दंत परिषद स्थापन झाली. या कायद्यात एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट होती. दंतवैद्यांच्या नोंदवहीचे दोन भाग होते. 'अ' भागात पदवीधर. 'ब' भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं याच कामावर पोट भरणारे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी त्या घडीला मान्य केलं, की हाताला येणारं ज्ञान कागदाशिवायही असू शकतं. पुढची भरती मात्र पदवीधरांचीच व्हायची होती, आणि ते योग्यच झालं. निर्जंतुकीकरण, भूल, क्ष-किरण या गोष्टी जत्रेत बसून शिकता येत नाहीत. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य खासगी आहेत. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर, अशी सार्वजनिक नावं चटकन संपतात. नंतर खासगी आणि अभिमत विद्यापीठांची यादी सुरू होते. 2023 साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला आणि 1948चा कायदा मागे पडला. तेव्हा शिक्षणाची घडी पुन्हा बसवली जात असताना आपण बोलतो आहोत. बोलण्याची हीच वेळ आहे.

आता विद्यार्थी काय शिकतो ते बघा. बीडीएस म्हणजे चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि त्याबरोबर मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरणं. बाहेरच्याला हे खेळण्यासारखं वाटेल. पण प्रत्येक दाढेच्या उंचवट्याला, खाचेला कारण असतं. वरचा दात खालच्या दातावर कुठे टेकतो यावर माणसाचं चावणं अवलंबून असतं. डोळ्याला आणि बोटाला हे मेणातून कळतं. दुसऱ्या वर्षी साच्यावर कवळी करायची, कृत्रिम दातांवर ड्रिल चालवायचं. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी खऱ्या माणसाच्या तोंडात.

या क्रमाला आपल्याकडे जुना आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्या' नावाची कल्पना आहे. योग्या म्हणजे हाताचा सराव. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांवर करावा, आणि ओढून काढण्याचा सराव फणस, बेल यांच्या गरावर आणि मेलेल्या जनावरांच्या दातांवर करावा, असं तिथे सांगितलं आहे. सगळं शास्त्र पाठ असलं तरी योग्या न केलेला माणूस कर्माला अयोग्य, हाही निर्वाळा आहे. मेणाचा दात आणि सुश्रुताचा बेल ही एकाच विचाराची दोन रूपं. माणसाला इजा होण्याआधी हाताच्या चुका निर्जीव वस्तूवर होऊन जाव्यात.

पण योग्या कुठेतरी संपते. फणसाला भीती वाटत नाही. मेणाच्या दाताला जीभ नसते, लाळ नसते, घरी वाट बघणारी मुलं नसतात. एक दिवस पहिलं माणूस खुर्चीत बसतंच. त्या दिवशी हाताचं शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू होतं. म्हणून प्रश्न विचारला पाहिजे, की ते पहिलं माणूस कोण असतं?

आपण सगळे त्याचं उत्तर जाणतो. इमारतींतला माणूस सहसा विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसत नाही. तिथे बसतो तो बांधकामावरचा मजूर, घरकाम करणारी बाई, मावळ-मुळशीकडच्या गावातला म्हातारा. दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार स्वस्त किंवा फुकट असतात, आणि ही या महाविद्यालयांची मोठी सामाजिक सेवा आहे, ते नाकारायचं कारण नाही. कित्येक माणसांचा ठणका तिथे थांबतो, जो बाहेर थांबलाच नसता. पण हा व्यवहार दोन बाजूंचा आहे. रुग्णाला उपचार मिळतो, आणि विद्यार्थ्याला तोंड मिळतं. तोंडाशिवाय दंत महाविद्यालय चालू शकत नाही. या दुसऱ्या बाजूचा उल्लेख मात्र आपल्या बोलण्यात येत नाही. मजुराला आपण 'लाभार्थी' म्हणतो. खरं म्हणजे तो त्या विद्यार्थ्याचा शिक्षकही आहे. त्याच्या हिरडीवर, त्याच्या सहनशीलतेवर जो हात शिकला, तोच हात पुढे ताथवड्यातल्या काचेच्या दवाखान्यात सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या दाताला अलगद लागतो. त्या अलगदपणाची किंमत आधी कुणीतरी दिलेली असते.

हे ऋण आहे, आणि ऋणाची नोंद ठेवण्याऐवजी आपण कोटा ठेवतो.

कोटा म्हणजे काय, ते बाहेरच्या मंडळींसाठी सांगू. विद्यार्थ्याने प्रत्येक विभागात ठरावीक संख्येने कामं करायची असतात. इतके दात काढणं, इतके भरणं, इतक्यांचे दात साफ करणं, इतक्या कवळ्या. वहीत सही झाली की काम मोजलं गेलं. यामागचा हेतू वाईट नाही. हात सरावाने तयार होतो, आणि सरावाचा काहीतरी हिशेब पाहिजेच. पण मोजणीचा एक स्वभाव असतो. आपण जे मोजतो ते वाढतं, आणि जे मोजत नाही ते हळूहळू नाहीसं होतं. परीक्षेच्या आधी रुग्ण कमी पडले की विद्यार्थी रुग्ण शोधत फिरतात, कधी त्यांचे केसपेपरचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतात, हे विद्यार्थ्यांकडूनच ऐकायला मिळतं. त्या मुला-मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला दोन कवळ्या कमी पडत आहेत, त्याला बोळक्या तोंडाचा आजोबा दिसला की आनंद होणारच. पण त्या आनंदात आजोबा कुठे आहे?

दुसरी गोष्ट बघा. दंतवैद्यकात एमडीएसच्या नऊ शाखा आहेत आणि महाविद्यालयाचे विभाग साधारण त्याच धर्तीवर असतात. एकच माणूस एका विभागात तपासला जातो, दुसरीकडे त्याचे दात साफ होतात, तिसरीकडे भरले जातात, चौथीकडे काढले जातात, पाचवीकडे कवळीचं माप घेतलं जातं. प्रत्येक ठिकाणी वेगळा विद्यार्थी आणि वेगळी वही. विशेष ज्ञानासाठी विभाग हवेतच. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने बघा. त्याने माणसाचं तोंड पूर्ण कधी बघितलं? आणि रुग्णाच्या दृष्टीने बघा. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला तीन विभागांनी तीन वेगळ्या तारखा दिल्या, तर तो दुसऱ्या तारखेला येत नाही. वहीत त्याचा एक दात काढल्याची नोंद असते, आणि ती पूर्ण असते. उपचार अर्धाच राहिला, याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

आता ऐकण्याकडे वळू. इथे आमच्या विषयाचा थोडा उपयोग होईल. विट्‌गेन्स्टाइन नावाचा तत्त्वज्ञ 1933-34 साली केंब्रिजला विद्यार्थ्यांना काही टिपणं सांगत होता, ती पुढे 'ब्लू बुक' म्हणून प्रसिद्ध झाली. त्यात तो दातदुखीचं उदाहरण पुन्हापुन्हा घेतो. दुसऱ्याच्या दातात आपल्याला दुखू शकेल का, असा विचित्र वाटणारा प्रश्न तो विचारतो. त्याच्या बारीक युक्तिवादात आज जायला नको. आपल्या कामाचा भाग एवढाच, की वेदना आपल्यासमोर येते ती माणसाच्या वागण्यातून आणि बोलण्यातून. एक्स-रेमध्ये कीड दिसते, हाड झिजलेलं दिसतं. पण दुखणं एक्स-रेमध्ये दिसत नाही. ते शब्दांत येतं.

आणि मराठीत त्यासाठी किती शब्द आहेत! ठणका, कळ, सणक, ठसठस. दात आंबले, दात शिवशिवतात, हिरडी हुळहुळते. हे शब्द एकमेकांऐवजी चालत नाहीत. गार पाणी लागल्यावर क्षणभर सणक येते आणि जाते, असं कुणी म्हणालं तर दाताची नस बहुधा वाचण्यासारखी असते. गार लागल्यावर कळ बराच वेळ राहते, काही न लागताही येते, रात्री ठणका उठवतो, असं म्हणालं तर नस वाचण्यापलीकडे गेली असण्याची शक्यता मोठी, आणि मग रूट कॅनल किंवा दात काढणं. म्हणजे बघा, नस काढायची की ठेवायची, या निर्णयाचा मोठा आधार 'सणक' आणि 'ठणका' यांतला फरक आहे. तपासणीची साधनं नंतर येतात, आधी शब्द येतो. शिकवण्याची भाषा मात्र इंग्रजी आहे, पुस्तकं इंग्रजी आहेत, आणि रुग्ण मराठी, हिंदी, भोजपुरी, कन्नड बोलतो. भाषांतर विद्यार्थ्याच्या डोक्यात व्हायचं असतं आणि त्याला वेळ नसतो, कारण बाहेर रांग आहे आणि वहीत जागा रिकामी आहे. 'दुखतंय? कुठे? तोंड उघडा.' इतिहास संपला.

ऐकण्यात जीव वाचवण्याचाही भाग असतो. आपल्याकडे मिश्री लावण्याची सवय अजून आहे, विशेषतः बायकांत. भाजलेल्या तंबाखूची ही पूड पुष्कळदा दातदुखीवर उपाय म्हणूनच सुरू होते आणि मग सुटत नाही. राज्यात 2012 साली गुटखाबंदी आली, पण तंबाखू गेली नाही. दाढ काढायला आलेल्या बाईला 'मिश्री लावता का, केव्हापासून, गालात कुठे चरचरतं का?' असं विचारायला आणि गालाच्या आतला पांढरा किंवा लाल चट्टा बघायला फार वेळ लागत नाही. तोंडाच्या कर्करोगाची चाहूल सगळ्यांत आधी लागण्याची संधी दंतवैद्यालाच असते. हिरड्या वारंवार सुजत असतील, दात हलत असतील, तर मागे न सापडलेला मधुमेहही असू शकतो. हे सगळं अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत प्रश्नही येतात. पण काढलेली दाढ मोजली जाते, आणि वेळेवर दिसलेला चट्टा त्याच तोलाने मोजला जात नाही.

तिसरी गोष्ट, हात न लावण्याचं कौशल्य. हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत दुर्लक्षित. अमेरिकेतले जी. व्ही. ब्लॅक हे आधुनिक दंतोपचाराचे मोठे आचार्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी सांगितलेला एक नियम अनेक पिढ्या शिकवला गेला. किडलेला भाग कोरताना शेजारचा निरोगी भागही थोडा कोरावा, म्हणजे पुढे तिथे कीड लागणार नाही. त्या काळच्या भरण्याच्या साहित्याला ते धरून होतं. पुढे दाताला चिकटणारं साहित्य आलं. फ्लोराइडमुळे सुरुवातीची कीड थोपवता येते आणि खड्डा पडलेला नसेल तर दाताचा पृष्ठभाग पुन्हा सावरतो, हे कळलं. आता शिकवण उलट आहे: निरोगी दात शक्य तेवढा राखा. म्हणजे शास्त्राने आपला नियम बदलला. पण कोट्याच्या वहीने बदलला का? 'या दातावर काही केलं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघितला, कीड वाढली नव्हती' याला आपल्या वहीत किती गुण आहेत? भरलेल्या दाताला गुण आहेत. राखलेल्या दाताला नाहीत.

ही केवळ आपल्याकडची अडचण नाही. 1997 साली अमेरिकेतल्या रीडर्स डायजेस्ट मासिकाच्या एका पत्रकाराने अनेक राज्यांतल्या पन्नास दंतवैद्यांना स्वतःचं तेच तोंड दाखवलं. उपचाराचे अंदाज पाचशे डॉलरांच्या आतपासून जवळपास तीस हजार डॉलरांपर्यंत आले. हे शास्त्रीय संशोधन नव्हतं, वर्तमानपत्री प्रयोग होता. आणि मतभेद म्हणजे लबाडी असंही नाही, दात राखावा की मुकुट बसवावा यावर प्रामाणिक डॉक्टरांतही फरक पडतो. पण इतकं अंतर पडतं तेव्हा दाताबरोबर आणखी काहीतरी बघितलं गेलेलं असतं. बाजारात बैलाचे दात बघतात ते आठवतं.

आता दवाखान्यात येऊ. नवा दंतवैद्य कोणत्या परिस्थितीत बाहेर पडतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर टीका करणं अन्यायाचं होईल. बहुतेकांनी नीट देताना एमबीबीएसची आस धरलेली असते आणि बीडीएस दुसरी पसंती म्हणून आलेलं असतं. खासगी महाविद्यालयात वर्षाला काही लाख भरलेले असतात. बाहेर आल्यावर खुर्ची, एक्स-रे, जागेचं भाडं, सगळा भांडवली खर्च. शहरात दवाखाने दाटीने, गावात मात्र नाहीत, कारण गावात कर्ज फिटत नाही. आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचे नेहमीचे उपचार बहुधा येत नाहीत, म्हणून प्रत्येक रुपया रुग्णाच्या खिशातून यायचा असतो आणि रुग्ण घासाघीस करतो. मग हा पदवीधर, आणि बहुतेक वर्गांत मुलीच अधिक आहेत, एखाद्या साखळी दवाखान्यात कामाला लागतो. तिथे महिन्याचं टार्गेट असतं. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण त्या बिचाऱ्यांना वेगळ्याच अर्थाने कळते.

पण टार्गेट हे या तरुणांना परकं वाटत नाही, हीच आपली खरी तक्रार आहे. संख्येवर सही घ्यायची सवय त्यांना पाच वर्षं लावलेली आहे. व्यवस्थापक म्हणाला, या महिन्यात इतके इम्प्लांट झाले पाहिजेत, तर विरोध करायला लागणारी भाषा त्यांच्याजवळ नसते. 'या माणसाला ते नको आहे' हे वाक्य व्यावसायिक यश म्हणून त्यांनी कधी उच्चारलेलंच नसतं.

प्लेटोच्या 'गॉर्जिअस' या संवादात सॉक्रेटिस एक जोडी मांडतो. वैद्यक ही खरी कला, आणि पाककौशल्य ही तिची खुशामतखोर नक्कल. तसंच व्यायामाने येणारी तब्येत खरी, आणि रंगरंगोटीने आणलेलं रूप ही तिची नक्कल. वैद्य आणि आचारी यांचा खटला लहान मुलांपुढे चालला तर आचारी जिंकेल, असं तो म्हणतो. दंतवैद्यकाचा व्यवसाय या दोन्हींच्या बरोबर मध्ये उभा आहे. एकाच खुर्चीत ठणका थांबतो आणि हसू पांढरं होतं. आपली म्हण आहे, खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. दाखवायचे दात सुधारणं हे पाप नाही. वाकड्या दातांमुळे हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुलीचं दुःख खरंच असतं. पण पैसा दाखवायच्या दातांत आहे आणि गरज खायच्या दातांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचे आजार आहेत, आणि त्यांतले चारांतले तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. त्यांना पांढरं हसू नको आहे. त्यांना भाकरी चावायची आहे.

आता दोन आक्षेप घेऊ, कारण ते गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा: मोजणी काढली तर विद्यार्थ्याचा हात तयार झाला हे कळणार कसं? एकही दात न काढलेला दंतवैद्य तुम्हाला चालेल का? नाही चालणार. सुश्रुताचंही म्हणणं तेच. म्हणून आपण मोजणी काढा म्हणत नाही, एकक बदला म्हणतो. दात मोजण्याऐवजी पूर्ण झालेली माणसं मोजा. एका विद्यार्थ्याला वीस माणसं द्या. त्यांची तपासणी, समजावणं, साफसफाई, भरणं, काढणं, कवळी, सहा महिन्यांनी पुन्हा बघणं, सगळं त्याच्या नावावर. जिथे त्याचा हात कमी पडेल तिथे वरिष्ठाने करावं आणि त्याने शेजारी उभं राहावं. वीस माणसांत दात कितीतरी होतील, सरावही होईल. फरक एवढाच, की हात माणसाच्या गरजेमागून जाईल.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: गरिबाला काहीच मिळत नव्हतं, निदान शिकाऊ हाताचा उपचार मिळतो, तर तुम्ही का बिघडवता? यात तथ्य आहे, म्हणून महाविद्यालयांची रुग्णालयं बंद पाडणारी टीका आपण करणार नाही. पण काहीच नसण्यापेक्षा बरं, हे माप जिथे लावलं जातं तिथे समोरच्याला आपण बरोबरीचा मानलेलं नसतं. बरोबरीचा मानला तर त्याला सांगावं लागेल, की हा विद्यार्थी आहे, वर शिक्षक लक्ष ठेवून आहेत, तुम्हाला नको असेल तर तसं म्हणा. त्याच्या भाषेत सांगावं लागेल. त्याच्या मजुरीचा दिवस बुडू नये अशी वेळ द्यावी लागेल. यातलं काही महाग नाही. याला फक्त आदर लागतो, आणि आदराला वहीत रकाना नाही.

नव्या कायद्यात पदवीनंतर राष्ट्रीय पातळीची एक्झिट परीक्षा आहे. सगळ्या महाविद्यालयांना एक माप लागेल, हे चांगलंच. पण ही परीक्षा पर्यायी उत्तरांवरच उभी राहिली, तर शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी खुर्चीजवळून उठून क्लासच्या बाकावर जाऊन बसेल. हाताचं ज्ञान आणि संयमाचं ज्ञान चार पर्यायांत मावत नाही. आयोगाने परीक्षेबरोबर वहीचीही फेररचना करावी. तीन रकाने वाढवावेत: रुग्णाचं त्याच्या शब्दांत लिहिलेलं दुखणं, न केलेला उपचार आणि त्याचं कारण, आणि सहा महिन्यांनंतरची भेट. इंटर्नशिपमधला काही काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात खरोखर घालवला जावा, हजेरीपुरता नको.

आणि आपण रुग्ण? आपल्यालाही काम आहे. डॉक्टरला 'किती होतील?' हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारतो. त्याऐवजी 'हे केलं नाही तर काय होईल?' असं विचारून बघा. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो, कारण त्याला विचार सांगण्याची संधी मिळते. 'थांबून बघू' असं म्हणणाऱ्या डॉक्टरला तपासणीची फी आनंदाने द्या. काही केलं नाही मग पैसे कसले, असं आपण म्हणतो तेव्हा न करण्याची शिक्षा आपणच त्याला करतो, आणि पुढच्या वेळी तो काहीतरी करतो. मोठा खर्च सांगितला तर दुसऱ्याचं मत घ्या, पण चोर पकडायला गेल्यासारखं घेऊ नका.

शेवटी ताथवड्यातल्याच दोन तोंडांचं सांगून थांबू. एक तोंड हाताला शिकवतं, दुसरं त्या शिकलेल्या हाताची फी देतं. दोघं एकाच रस्त्यावर राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. यांच्यामध्ये उभा असलेला एकच माणूस दोघांनाही ओळखतो, तो म्हणजे दंतवैद्य. विद्यार्थी असताना त्याने पहिल्याचं तोंड पूर्ण बघितलं असेल, त्याचा ठणका त्याच्या शब्दांत ऐकला असेल, तर दुसऱ्याच्या तोंडात तो किंमत बघणार नाही. एवढं शिकवणारं शिक्षण आपल्याला मागता आलं पाहिजे.

आता प्रश्न घेऊ. सभागृहात दंतवैद्यकाचे विद्यार्थी असतील तर त्यांनी आधी बोलावं.